नागपुरात वेताळाचे जुने मराठी कॉमिक्स कुठे मिळतील?

बाबांना लहानपणीचे वेताळाचे, म्हणजे फँटमचे, मराठी अंक भेट द्यायचे असतील, तर बर्डीवरची जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घाला. हे अंक ज्या मालिकेत निघायचे ते इंद्रजाल कॉमिक्स १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं, त्यामुळे नव्या पुस्तकांच्या दुकानात विचारून उपयोग नाही. मी बरीच वर्षं हे अंक जमवतो आहे. रद्दीवाल्याला सांगून ठेवलं तर तिथेही हाती लागतात. मात्र घेताना आतली भाषा बघा, कारण हिंदीतही तो ‘वेताल’च होता. मधली पानं पिनेतून सुटून गहाळ होतात, तीही मोजा. बी. गोविंद यांनी रंगवलेलं मुखपृष्ठ शाबूत असेल तर दोन पैसे जास्त द्या. बाबा आधी तेच ओळखतील.