गिअर ऑइल घरी बदलता येतं का? येतं, पण आधी वरचा प्लग खोला

तुमचा प्रश्न असा: पुण्यात सोसायटीत राहतो, गाडी ८० हजार किलोमीटर झाली, गॅरेजवाला गिअर ऑइल बदलायचे अडीच हजार सांगतोय, हे काम पार्किंगमध्ये स्वतः जमेल का?

जमेल. इंजिन ऑइल स्वतः बदलत असाल तर हे त्याहून सोपं, फिल्टरची भानगडच नाही. खालचा प्लग काढायचा, जुनं ऑइल सोडायचं, प्लग लावायचा, बाजूच्या वरच्या भोकाचा प्लग काढून त्यातून नवीन भरायचं. भोकातून बाहेर यायला लागलं की पुरे. तासाभराचं काम.

मला तीन दिवस लागले. आणि त्या तीन दिवसांवर आमच्या सासरच्या मंडळींची गेली तीन वर्षं करमणूक चालली आहे, म्हणून हे उत्तर लांबणार.

माझी गाडी तेव्हा अकरा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअरची, साधी मॅन्युअल. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, त्या गाडीचे भक्त भांडायला येतात. सकाळी थंड असताना दुसरा गिअर जरा अडकायचा. डिसेंबर होता. शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडच्या टेकूवर, घेतली. चारही बाजूंनी घोड्या लावल्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, एवढं तरी तुम्हाला माहीत असेलच. चारही बाजूंनी का, तर गाडी सपाट नसेल तर ऑइलची पातळी चुकते. पुढून वर आणि मागून खाली ठेवून भरलेलं ऑइल मोजण्यात अर्थ नाही.

खालचा प्लग सुटला. घमेलं खाली होतंच. काकवीसारखं काळं ऑइल आलं, आणि वास असा की हाताला दोन दिवस राहिला. गंधकाचा वास असतो तो. प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा लगदा होता. तो असतोच, घाबरायचं कारण नाही. दाताचा तुकडा किंवा चकचकीत कपचा निघाला तर मात्र ऑइल भरायच्या आधी मेकॅनिकला दाखवा. सगळं ओघळून गेल्यावर नवीन वॉशर घालून प्लग परत आवळला, हात पुसले, चहा घेतला आणि वरच्या प्लगकडे वळलो.

तो हलेना.

ॲलन की, म्हणजे षटकोनी टोकाचा पाना, घातली, हलेना. पाइप घालून दांडा लांब केला, तर आतला षटकोन गोल झाला. रात्रभर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला. शनिवारी सकाळी बसने स्वारगेट, तिथून चालत नाना पेठ, का तर गाडी घोडीवर. तिथून ठोकून बसवायचा सॉकेट आणला. ठोकला, ओढला, सॉकेटचा कोपरा उडाला, प्लग जागेवर. तोवर घमेल्यातून थोडं ऑइल नव्या पेव्हर ब्लॉकवर सांडलं होतं. त्यावर लाकडाचा भुसा टाकला तरी डाग राहिला. संध्याकाळी लिफ्टपाशी नोटीस लागली. नाव नव्हतं, फ्लॅट नंबर होता.

आता माझी अवस्था बघा. गिअरबॉक्समध्ये ऑइलचा थेंब नाही, भरायला जागा नाही, त्यामुळे चालवत गॅरेजलाही नेता येत नाही. आणि रविवारी सासूबाईंची पंचाहत्तरी साताऱ्यात. नेणार कोण? साडू. त्याच्या मोठ्या गाडीत, शेवटच्या सीटवर, मांडीवर आहेराच्या पिशव्या, खंबाटकी घाटातून. पिशव्या ठेवायच्या आधीच त्याने विचारलं, "काय साडूभाऊ, गाडी उतरली का घोडीवरून?" साताऱ्यात हॉलमध्ये शिरल्यावर परत तेच, यावेळी माइकवर. अजूनही कुठल्याही मुंजीत, बारशात भेटला की पहिलं वाक्य तेच. "आपलं काम नाही ते. ज्याचं त्याला द्यावं," हे दुसरं.

तर ज्याचं त्याला देण्याबद्दल. साताऱ्याहून परतताना डोक्यात हेच घोळत होतं की प्लग एवढा घट्ट का? रात्री घरी आल्यावर सर्व्हिसची फाइल काढली. ४० हजारला एक बिल, ८० हजारला एक बिल, दोन्हींवर गिअर ऑइल आणि त्याची मजुरी स्वतंत्र लावलेली. गाडी तेव्हा ८४ हजारावर, म्हणजे दुसऱ्या बिलानंतर जेमतेम ४ हजार किलोमीटर. टॉर्च घेऊन परत खाली आडवा झालो आणि बघितलं, तर खरवडलेल्या षटकोनाच्या बाहेर, प्लगच्या कडेपासून केसिंगपर्यंत कारखान्यातली पिवळ्या रंगाची रेघ. मळली होती, पण अखंड. प्लग एकदा जरी फिरला असता तर रेघ तुटली असती. ४ हजार किलोमीटरमध्ये ऑइल काकवी होत नाही. आणि घमेल्यातलं ऑइल मापून बघितलं तर पावणेदोन लिटरही भरेना. गाडीच्या पुस्तिकेत, म्हणजे मॅन्युअलमध्ये, २.२ लिटर लिहिलंय. ॲक्सलच्या सीलजवळ ओलं दिसत होतंच, तिथून वर्षानुवर्षं पाझरत गेलं असणार आणि वरून कोणी भरलंच नाही.

ते गॅरेज कोणी सुचवलं होतं? साडूने. "आपला माणूस आहे, डोळे झाकून टाका." डोळे झाकूनच टाकली होती. साडूला फोटो पाठवला, पिवळ्या रेघेचा, सोबत दोन्ही बिलं. उत्तर आलं, अंगठा. फक्त अंगठा. आणि पुढच्या बारशाला पुन्हा, घोडीवरून उतरली का!

बरं, सोमवारी मार्ग निघाला. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला रिव्हर्स लाइटचा स्विच असतो. त्याची वायर काढून स्विच पाना लावून खोलला की आत जायला भोक मिळतं. त्यात पारदर्शक पाइप, पाइपला नरसाळं, आणि बॉनेटकडून सावकाश ओतत राहायचं. अर्धा तास लागतो, ऑइल घट्ट असतं. इथे काठाशी येण्याची सोय नाही, म्हणून मॅन्युअलमधला आकडा मोजून भरायचा. निघालं तेवढं भरू नका, नाहीतर आधीची कमतरता तशीच राहील. पंधरा दिवसांनी धायरीच्या एका फॅब्रिकेशनवाल्याने त्या प्लगवर नट वेल्ड केला आणि दोन मिनिटांत काढून दिला. वेल्डिंगच्या तापाने प्लगची पकड सुटते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढल्या होत्या, तुम्हीही काढा. प्लग निघाला तेव्हा ऑइल बरोबर काठाला होतं.

म्हणून सांगतो, खालच्या प्लगला हात लावायच्या आधी वरचा प्लग खोलून बघा. तो सुटला तरच पुढे जा. नाही सुटला तर जुन्या ऑइलवर गाडी चालवत गॅरेजला जाता येतं.

साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सला बहुतेक वेळा जीएल-४ वर्गाचं ऑइल लागतं, पण पुस्तिकेत जो वर्ग आणि घट्टपणाचा ग्रेड लिहिलाय तोच घ्या, म्हणजे ७५डब्ल्यू-८० किंवा जे असेल ते. दुकानदार जीएल-५ पुढे करेल, "सगळे हेच नेतात, याच्यापेक्षा भारी आहे" म्हणेल. आकडा मोठा म्हणून माल भारी, असं नाही. जीएल-५ मुख्यतः हायपॉइड गिअरसाठी असतं, म्हणजे ट्रक-जीपच्या मागच्या डिफरन्शियलसाठी. त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त. ती पितळी सिंक्रो रिंगला, म्हणजे गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या कड्याला, मानवत नाहीत, आणि रिंगने घासून पकडायचं असतं तिथे ती घसरते. मग गिअर टाकताना कुरकुर.

जुनं ऑइल नाल्यात ओतू नका, नाला शेवटी नदीलाच जातो. केंद्राच्या २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेलं ऑइल त्या कचऱ्यातच येतं. कॅनमध्ये भरून, गोळा करणाऱ्याला देण्यासाठी पिंप ठेवणाऱ्या गॅरेजला द्या. माझा कॅन चार महिने गॅलरीत होता, त्यावरून घरात वेगळं प्रकरण झालं.

हो, आणि हे आधी विचारायला हवं होतं, तुमची गाडी ऑटोमॅटिक तर नाही ना? सीव्हीटी किंवा साधी ऑटोमॅटिक असेल तर वरचं सगळं विसरा. त्याचं फ्लुइड वेगळं, पातळी बऱ्याचदा ठरावीक तापमानाला बघावी लागते, चुकीचं फ्लुइड गेलं तर अडीच हजाराच्या जागी लाखात जाल. एएमटी, म्हणजे क्लच-गिअर आपोआप हलवणारी मॅन्युअल, असेल तर आतला गिअरबॉक्स मॅन्युअलसारखाच, पण गिअर हलवणाऱ्या यंत्रणेच्या फ्लुइडला हात लावू नका.

खर्च विचारलात. ऑइल, वॉशर, पाने धरून माझे १,८०० गेले. प्रामाणिकपणे सांगायचं तर दुप्पट. कारण त्या सोमवारी मी रिव्हर्स स्विचच्या भोकातून जे ओतलं ते जीएल-५ होतं. दुकानदार म्हणाला, सगळे हेच नेतात. दुसरा गिअर आधी अडकायचा, आता कुरकुरायला लागला. म्हणून तर पंधरा दिवसांत फॅब्रिकेशनवाला गाठला आणि सगळं पुन्हा काढून जीएल-४ भरलं. तेव्हापासून गिअर लोण्यासारखा पडतो. साडूला यातलं काही सांगितलेलं नाही.

अडीच हजार देऊनच करून घेणार असाल तरी हरकत नाही. फक्त गाडी सोडून येऊ नका. समोर उभे राहा, प्लग खोलताना बघा, आणि त्या रेघेचा फोटो आधी काढून ठेवा.