साहेब राजीनामा द्यायला निघाले तेव्हा

"मॅडम, झोपला नसाल तर एक विचारू का. नवरा नोकरी सोडून चर्चच्या पूर्णवेळ सेवेत जायचं म्हणतोय. मी आडवी आले तर मी देवाच्या आड आले असं होतं का?"

हा मेसेज रात्री पावणेबाराला आला होता. मी समुपदेशक आहे, शब्द थोडे बदलले तर असले मेसेज मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतात. कधी बायकोचा, कधी आईचा, आणि कधी खुद्द सोडणाऱ्याचा, की "मी सगळं सोडलं नाही तर माझा विश्वास कमी पडतोय का?" म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. हा मेसेज पाठवणारीला आणि तिच्या नवऱ्याला विचारलंय, हो म्हणालेत, आणि ओळख पटू नये म्हणून बऱ्याच गोष्टी बदलल्यात.

नवरा ४१ वर्षांचा. मूळ नगर जिल्ह्यातला, आजोबा मिशनच्या शाळेत शिपाई, वडील शिक्षक, आणि हा पुण्यात आयटीत मॅनेजर, हाताखाली साठ माणसं. गावाकडचे सगळे त्याला साहेब म्हणतात, आधी कौतुकाने म्हणायचे आता सवयीने म्हणतात, तर आपणही साहेबच म्हणू. बायको शाळेत शिक्षिका. दोन पोरं, पिंपरी-चिंचवडला फ्लॅट, सासूबाई सोबत.

पहिल्या भेटीला दोघं आले तेव्हा साहेब फार छान बोलले. खरंच छान. बायबलमधलं प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र, तिसरा अध्याय, लाभाच्या होत्या त्या गोष्टी ख्रिस्तामुळे हानीच्या समजलो, सगळं तोंडपाठ. मग स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी पळायचं नाही म्हणून १०० मीटर सोडली, ४०० मीटरला ४७.६ सेकंदात सुवर्णपदक घेतलं आणि पुढच्याच वर्षी मिशनरी म्हणून चीनला गेला. मग आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक, ज्यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार उभा केला. बोलताना डोळ्यात पाणी. बायको शेजारी पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसलेली, मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाली, "मॅडम, हे मला पाठ झालंय आता. मी वही आणलीये."

वहीत हिशोब होता. साहेबांचा हातात येणारा पगार १,८५,०००, तिचा ३८,०००. फ्लॅटचा हप्ता ५४,०००, अजून अकरा वर्षं. पोरांची फी वर्षाला १,६०,०००. सासूबाईंची औषधं महिन्याला सहा हजार. खाली शेवटच्या ओळीत पेनाने दोनदा गिरवून लिहिलेलं, "देव पुरवील = ?"

मी हसले. चुकलंच. साहेबांना वाटलं मी त्यांच्या विश्वासाला हसले, आणि खरं सांगायचं तर मी मनातून तिच्या बाजूला जाऊन बसलेच होते. माझे वडील पाळक, म्हणजे चर्चचे पास्टर होते. पगार कधी दोन-दोन महिने यायचा नाही, मंडळीतलं, म्हणजे चर्चच्या लोकांतलं, कोणी बाजरी आणून द्यायचं, कोणी अंडी, आणि आई ते घेताना हसायची आणि आत जाऊन गप्प बसायची. हे माझं मी बाहेर ठेवून बसायला पाहिजे होतं, नाही ठेवलं. साहेब पुढचा महिनाभर आलेच नाहीत. असं होतं कधीकधी, समुपदेशक पण माणूसच.

परत आले ते एकटे. मी आधी माफी मागितली आणि मग देवाचं काहीच विचारलं नाही. झोप किती होते विचारलं.

चार तास. रात्री अकराला अमेरिकेचा कॉल, सकाळी सातला उठायचं, दीड वर्ष हेच चाललेलं. जेवण डेस्कवर. रविवारी उपासनेत बसल्या बसल्या डुलकी. आणि बोलता बोलता निघालं की एप्रिलमध्ये प्रमोशन हुकलं होतं, ज्याला यांनी शिकवलं तोच यांच्या वर बसला. पाचारण, म्हणजे सेवेत ये अशी देवाची हाक, कधी झालं? मे महिन्यात, उपास-प्रार्थनेच्या शिबिरात.

आता इथं कोणी पटकन म्हणेल, बघा, प्रमोशन हुकलं म्हणून देव आठवला, नाटक आहे सगळं. मी तसं म्हणत नाही. कॅथलिक संत इग्नेशियस लोयोलाचं काय झालं होतं, १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, शिपाईगिरीची स्वप्नं संपली, अंथरुणावर पडून संतांची चरित्रं वाचली आणि तिथून सगळं बदललं. देव मोडलेल्या पायातून पण हाक मारतो. पण त्याच इग्नेशियसने पुढं एक नियम घालून दिला तो मला माझ्या कामात फार उपयोगी पडतो, आणि मी प्रोटेस्टंट असले तरी बिनधास्त वापरते. मन उदास, कोरडं, अंधारलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही, नवा मोठा निर्णय घ्यायचा नाही. थांबायचं.

तर मी साहेबांना म्हटलं, तीन महिने राजीनाम्याचा विषय बंद. देवाला घाई असती तर त्याने एवढी वर्षं तुम्हाला शाळा-कॉलेज करू दिलं नसतं. आधी झोपा. रात्रीचे कॉल दुसऱ्यावर टाका, डॉक्टरला दाखवा, रक्त तपासा. (व्हिटॅमिन डी आणि बी-१२ दोन्ही तळाला निघालं, ते एक असो.) झोप झाल्यावर पण पाचारण उरलं तर आपण बोलू.

उरलं. हे मला इथं ठळक सांगायचंय, कारण घरच्यांना वाटतं समुपदेशकाकडे नेलं की हे खूळ उतरेल. तसं झालं नाही. दोन महिन्यांनी साहेब टवटवीत होऊन आले आणि म्हणाले, "आता रडायला येत नाही मॅडम, पण आहे ते आत. लहान झालंय, पण आहे."

मग मी तो प्रश्न विचारला जो मी असल्या प्रत्येकाला विचारते. समजा तुम्ही सगळं सोडलं, आणि तुम्ही काय सोडलं हे कुणालाच कधीच कळणार नाही. साक्ष द्यायची नाही, म्हणजे चर्चमध्ये उभं राहून आपला अनुभव सांगायचा नाही, कोणी स्टेजवरून म्हणणार नाही की हे बघा आपले ब्रदर, एवढ्या लाखांच्या पगारावर लाथ मारली. लोकांना वाटेल कंपनीने काढून टाकलं बहुतेक. चालेल?

साहेब बराच वेळ पंख्याकडे बघत बसले.

आपल्या मंडळ्यांमध्ये एक गंमत आहे, गंमत म्हणजे काय दुखणंच आहे ते. नोकरी सोडून सेवेत आलेल्या माणसाची नोकरी आपण त्याला मरेपर्यंत सोडू देत नाही. पोस्टरवर छापतो, "माजी बँक अधिकारी", "माजी इंजिनिअर". खुर्ची गेली पण खुर्चीचं नाव गळ्यात घालून माणूस फिरतो, आणि समोर हार, पहिल्या रांगेत बसायला सोफा, पाया पडायला लोक. साहेबांचं "साहेब" जाऊन "पास्टरसाहेब" आलं तर सुटलं काय? पौल जे हानी समजला ते आधी बघा काय होतं, आठव्या दिवशी सुंता, बन्यामीन वंश, परूशी म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, म्हणजे पगारापेक्षा जास्त मान. लोकांच्या डोळ्यातली जागा. आणि पोटासाठी तो राहुट्याच शिवत होता, प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात लिहिलंय सरळ. म्हणजे कामधंदा त्याने धरला आणि मान सोडला. आपण बऱ्याचदा उलटं करायला जातो.

गृहपाठ दिला. तीन महिने अशी एक सेवा करायची जी कुणाला सांगायची नाही. बायकोला माहीत असेल, बाकी कुणाला नाही.

साहेबांनी शनिवारी संध्याकाळी चर्चमध्ये खुर्च्या लावणं, संडास धुणं आणि संडे स्कूलची खोली झाडणं घेतलं. तिसऱ्या रविवारी उभे राहिले आणि साक्ष दिली की प्रभू मला नम्रता शिकवतोय, मी संडास धुतो. बायकोने तिथूनच मला मेसेज केला, नुसत्या हसणाऱ्या तोंडांची ओळ. पुन्हा पहिल्यापासून तीन महिने मोजायला घेतले. साहेबांना पण हसायला आलं, त्या दिवसापासून आमचं जमलं.

मधल्या काळात बायकोशी वेगळं बोलणं चालू होतं. तिचा खरा प्रश्न पैशाचा नव्हताच पूर्ण. ती म्हणाली, "हे सोडणार, टाळ्या यांना. मी काय सोडणार ते कोणी विचारलंच नाही." मग मी तिला म्हटलं, साहेबांना टिळक सांगायला आवडतात ना, तर त्यांना टिळकांची बायको लक्ष्मीबाई सांगा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या बाईचा संसार एका दिवसात फाटला, नवरा बाटला म्हणून माहेर-सासरच्या लोकांत तोंड दाखवायची चोरी, लेकरू पदरात. स्वतः बाप्तिस्मा घ्यायला तिला आणखी पाच वर्षं लागली, १९०० साल उजाडलं, आणि ती आली ती स्वतःच्या पायाने. टिळकांचं मोठेपण कमी नाही होत याने. पण त्यांनी जे सोडलं त्यातलं किती तिच्या वाट्याचं होतं हे तिनंच लिहिलं म्हणून आपल्याला कळलं, नाहीतर ते पण टिळकांच्याच खात्यावर जमा झालं असतं.

आणि मला पवित्र शास्त्रातलं एक बारीक वाक्य फार आवडतं, मार्कच्या पहिल्या अध्यायातलं. याकोब आणि योहान येशूच्या मागे निघाले तेव्हा बाप जब्दी तारवात होता, आणि त्याच्याबरोबर मजूर होते. एवढंच. पण मी पाळकाची मुलगी आहे, मला ते मजूर दिसतात. म्हातारा एकटा जाळं ओढत बसला नाही. पेत्राची तर सासू होती घरात, आणि पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात सांगतो की पेत्र बायकोला बरोबर घेऊन फिरायचा. माझं मत साधं आहे, दुसऱ्याच्या ताटातलं आपण देवाला वाहू नये. तिचा अकरा वर्षांचा हप्ता हे तिचं ताट. ती स्वतः उचलून देईल तर गोष्ट वेगळी, पण मागायचं असेल तर नीट समोर बसून मागायचं, वचनं तोंडावर फेकून नाही.

तर मेसेजमधल्या प्रश्नाला मी तिला दिलेलं उत्तर असं होतं, की वही काढून बसणं म्हणजे देवाच्या आड येणं नाही. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशूच म्हणतो ना, बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज कर. ती वही म्हणजे तेच. तिला त्या दिवशी झोप लागली म्हणे.

एका भेटीत साहेबांनी येशूकडे आलेल्या श्रीमंत तरुणाचा विषय काढला. "त्याला तर सगळं विकायला सांगितलं, मग मी हप्ते मोजत बसू?" बरोबर प्रश्न होता, आणि माझ्याकडे याचं गुळगुळीत उत्तर नाही. त्याला सगळं विकायला सांगितलं. जक्कय नावाच्या जकातदाराने स्वतःहून अर्धं दिलं, लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला, तरी येशू त्याला जकात सोड म्हणाला असं लिहिलेलं नाही, उलट त्याच्या घरी उतरला. मत्तयाला मात्र जकातीच्या नाक्यावरून उठवलं. तीन माणसं, तीन हिशोब. तुमचा कुठला हे मला कसं कळणार, मी काय संदेष्टी आहे का. मी एवढंच विचारू शकते की तुमच्या मुठीत नेमकं काय आहे.

हे बोलता बोलता पंडिता रमाबाईंवर आलो. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ मध्ये तिला पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं, अख्ख्या हिंदुस्थानात नाव. १८८३ मध्ये इंग्लंडला बाप्तिस्मा घेतल्यावर इकडं किती जणांनी तोंड फिरवलं. पण विद्वत्ता तिने टाकून नाही दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकली, आणि केडगावला तिच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून, वैधव्यातून आलेल्या बायकांना वाचता येईल अशा सोप्या मराठीत बायबल उतरवण्यात शेवटची वर्षं घालवली, छापायला पण तिथल्याच बायका. साहेब एकदम म्हणाले, "मला गणित शिकवता येतं." त्यांचे वडील गणिताचे शिक्षक होते, मी लिहायचं विसरले.

शेवटी काय झालं ते सांगते, फार मोठं काही नाही. साहेबांनी राजीनामा दिला नाही, कंपनीत मॅनेजरपद सोडून टीममध्ये साधं काम मागून घेतलं. एचआरला दोनदा वाटलं हे ब्लॅकमेल करतायत. पगार साधारण तिसरा हिस्सा कमी झाला. दोघांनी वही मांडून गाडी विकली आणि मोठ्याचा महागडा क्लास बंद केला, घरी बाप शिकवतो. शनिवार-रविवार नगरकडच्या एका वसतिगृहात ऊसतोड कामगारांच्या पोरांना गणित.

सगळं गोड आहे असं नाही. कोल्हापूरला लग्नात मामेसासऱ्यांनी विचारलं, "सध्या कुठं मॅनेजर?" आणि साहेबांच्या तोंडून निघून गेलं, "तिथंच." मग दोन दिवस जेवले नाहीत नीट, मला फोन केला, म्हणाले पगार सोडला तेव्हा काही वाटलं नव्हतं मॅडम, हे एक अक्षर सुटेना. मी म्हटलं, बरं झालं, आता कळलं ना मूठ कुठं आवळलीये. सेमिनरीचं, म्हणजे पाळकाचं शिक्षण घ्यायचं, अजून डोक्यात आहे त्यांच्या. हप्ता संपल्यावर बघू म्हणतात, बायको म्हणते तेव्हा बघूच.

गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला, या वेळी दिवसाढवळ्या. "मी पण येते म्हटलंय पुढच्या शनिवारी वसतिगृहावर. मराठीचं कोणी नाहीये तिथं. फक्त त्यांना सांगा, मला पहाटे पाचच्या प्रार्थनेला उठवायचं नाही."