रात्री दोन वाजता काय करायचं, ते आज ठरवा

ऐरोलीहून एक ताई लिहितात: "बाबा 74 वर्षांचे, स्वादुपिंडाचा कॅन्सर. केमो थांबवून घरी न्यायला सांगितलंय. नोकरी करून मीच बघते, आई थकलीय. एफडी संपत आल्या. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणतो, मोठ्या हॉस्पिटलात ने, पैशांचं बघू. परवा रात्री बाबा कण्हत होते, मनात आलं, सुटले तर बरं. तेव्हापासून स्वतःची लाज वाटते."

ताई, रात्रंदिवस आजारी माणसाजवळ बसणाऱ्या बहुतेकांच्या मनात हे येऊन जातं, तोंडाने फार थोडे बोलतात. तुम्हाला त्यांचं कण्हणं सोसवत नाही, आणि कण्हणं बरंचसं थांबवता येतं. म्हणून पैशांआधी औषधाचं सांगते.

इतक्या दुखण्यावर डॉक्टर मॉर्फिनच्या गोळ्या देतात. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. ती घड्याळ बघून द्यायची, कण्हायची वाट बघायची नाही. दुखणं चढलं की उतरवायला जास्त औषध लागतं. मॉर्फिनने शौचाला कडक होतंच, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. तेवढंच राहून जातं, पोट फुगतं, आणि घरचे घाबरून मॉर्फिन बंद करतात. ही गोळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात पॅलिएटिव्ह, म्हणजे रुग्णाचं दुखणं आणि त्रास कमी करणारा, विभाग आहे, सगळे रिपोर्ट घेऊन तिथे चौकशी करा. आठवड्याच्या गोळ्या उरल्या की पुढच्या आणायला निघा. घरी अगदीच जमेनासं झालं तर वांद्र्याचं शांती अवेदना सदन कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना विनामूल्य सांभाळतं.

आता खर्च. बहुतेक घरं रिकामी होतात ती शेवटच्या घाईत. रात्री दोनला श्वास लागतो, कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावतं, मग आयसीयू, मग व्हेंटिलेटर, आणि तिथून मागे फिरणं फार अवघड जातं. बाबा शुद्धीत आहेत तोवर त्यांनाच विचारा: "त्रास वाढला तर घरीच थांबायचं, की हॉस्पिटलात जायचं?" भावाला फोन स्पीकरवर ठेवून ऐकू द्या. बाबा घरी म्हणाले तर ते लिहून घ्या. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये उपचारांबद्दलच्या अशा इच्छापत्राला (लिव्हिंग विल) मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. मात्र एकदा व्हेंटिलेटर लागला की कागद असूनही डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते. म्हणून दाराबाहेर पडण्याआधीच ठरलेलं बरं.

शेवटच्या दिवसांत ते खाणं सोडतील. बळेच भरवू नका, ठसका लागून घास श्वासनलिकेत जातो. ओल्या कापसाने ओठ, जीभ पुसत राहा. घशात घरघर ऐकू आली तर एका कुशीवर वळवा. ऐकणाऱ्याला ती भयंकर वाटते, त्यांना त्याचा त्रास सहसा होत नसतो. अंथरुणाला खिळले असतील तर दर दोन तासांनी कूस बदला. एअर बेड भाड्याने मिळतो, पण तो असला तरी कूस बदलणं सुटत नाही.

सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही. पण ते भरती झाल्यावरचं. घरी येणाऱ्या मावशींचा पगार त्यातून निघत नाही. उरलेली एफडी जॉइंट असेल तर मुदतीआधी मोडायला सहसा सगळ्यांच्या सह्या लागतात. बाबांचा हात थरथरत असेल तर अंगठा कसा चालेल, ते बँकेत याच आठवड्यात विचारा.

फॅमिली डॉक्टरांना एकदा घरी बोलावून बाबांना दाखवून ठेवा. घरी मृत्यू झाला तर मृत्यूचं कारण लिहिलेला दाखला उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडूनच लागतो. तो नसेल तर स्मशानभूमीत आणि महापालिकेत, ऐन त्या दिवशी, अडतं. नोंद 21 दिवसांत करायची.

भावाला "मदत कर" म्हणू नका. वहीतले गेल्या महिन्याचे आकडे, मावशी, औषधं, डायपर, बेडचं भाडं, फोटो काढून पाठवा आणि सांगा: 1 तारखेला एवढे टाक, आणि महिन्यातले दोन शनिवार-रविवार इथे ये. आला की पहिली रात्र त्यालाच बाबांच्या खोलीत झोपू द्या, गोळ्यांच्या वेळा लिहिलेला कागद हातात देऊन. तुम्ही आईजवळ झोपा.