वाण तुमचंच, त्या कागदावर सही नको

प्रश्न: मी राजापूर तालुक्यातला शेतकरी. गावठी आठधारी भेंडीचा एका कंपनीच्या वाणाशी एकदाच संकर केला आणि पुढे सात पावसाळे चांगल्या झाडांचं बी धरलं. आता केवडा (पानं पिवळी पाडणारा रोग) आला तरी हे झाड हिरवंगार राहतं. कंपनीचा माणूस म्हणतो, 'मूळ बी आमचं, तेव्हा वाणही आमचंच. पंचवीस हजार घ्या, सही करा.' काय करू?

उत्तर: सही करू नका. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, 2001 मधलं कलम 30 तुमच्या बाजूने आहे. नोंदणीकृत वाणसुद्धा नवं वाण तयार करायला वापरता येतं. विक्रीचं बियाणं काढताना दरवेळी तेच वाण संकरातलं आई किंवा बाप झाड म्हणून लागत असेल, तरच परवानगी घ्यावी लागते. तुम्ही संकर एकदाच केलात. त्या माणसाकडे त्यांच्या वाणाचा नोंदणी क्रमांक मागा. नोंदणीच नसेल तर या कायद्याखाली त्यांचा हक्कच उभा राहत नाही.

मला खरी धास्ती वाटते ती तुमच्या पत्रातल्या एका ओळीची: 'गेल्या ऋषिपंचमीला पहिल्यांदा ही भेंडी बाजारात विकली.' नवं वाण म्हणून नोंदवायचं तर भारतातल्या पहिल्या विक्रीपासून एका वर्षाच्या आत अर्ज व्हावा लागतो. आणि विक्री म्हणजे नुसती बियाण्याची नव्हे, भाजीचीही धरतात. यात तिथी चालत नाही, इंग्रजी तारीख मोजा. यंदाची पंचमी पुढे सरकली असेल, तर तिची वाट बघता बघता मुदत निघून जाईल.

पाकिटातून पाठवलेल्या दोन वाळक्या शेंगा मी मोजल्या. एकीला आठ धारा, दुसरीला सातच. नोंदणीआधीच्या चाचणीत वेगळेपणा आणि स्थैर्याबरोबर एकसारखेपणाही पाहतात. म्हणून अर्जाआधी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या भाजीपाला पैदासकारांना (नवी वाणं तयार करणाऱ्या तज्ज्ञांना) शेत दाखवा. सात वर्षांची वही, फोटो, कंपनीच्या मूळ बियाण्याची पावती सोबत न्या. कलम 39 प्रमाणे वाण तयार करणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकारासारखीच नोंदणी मिळते. कलम 44 मुळे फीही लागत नाही.

घरचं सुटं बी शेजाऱ्यापाजाऱ्यांना खुशाल विका. पाकिटं करून दुकानांत ठेवायची तर मात्र परवान्याचं आधी कृषी अधिकाऱ्यांना विचारा. आणि अर्ज दाखल होईपर्यंत कंपनीच्या माणसाच्या हाती मूठभरही बी देऊ नका.