३ ऑक्टोबरला मुलीला घरी ठेवू नका

वालेकुम अस्सलाम. तुम्ही सदर बाजारातून लिहिलेत. नर्सिंगच्या नोकरीसाठी पुढच्या वर्षी मुलीला घेऊन जर्मनीला येणार आहात आणि विचारता की, "आपा, तिथल्या राष्ट्रीय दिवसांत आपण मुसलमानांनी भाग घ्यावा, की गप घरी बसावे?" व्हिसा, भाषेची परीक्षा, पगार यांची माहिती तुम्हाला दूतावासाकडून मिळेलच, त्यात मी पडत नाही. या एका प्रश्नाने मात्र माझी दोन रात्रींची झोप घालवली, म्हणून सविस्तर लिहिते.

इथल्या बहुतेक सार्वजनिक सुट्ट्या ख्रिस्ती सणांच्या आहेत. त्या दिवशी शेजाऱ्यांना शुभेच्छा द्याव्यात आणि आपल्या घरी स्वस्थ असावे. त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. १ मे आणि ३ ऑक्टोबर यांची गोष्ट वेगळी आहे. ३ ऑक्टोबर १९९० रोजी पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाले, म्हणून तो या देशाचा राष्ट्रीय दिवस, म्हणजेच एकता दिन. मुख्य शासकीय सोहळा दरवर्षी वेगळ्या राज्यात होतो आणि त्यात चर्चमधली प्रार्थनाही असते, परंतु आपल्यासारख्यांच्या वाट्याला येतो तो चौकातला भाग: भाषणे, वाद्यवृंद, खाण्याचे स्टॉल, मुलांचे खेळ. बिअरचे स्टॉल असतात, तिकडे जायचे नाही. मुलांना वाटल्या जाणाऱ्या मऊ गोळ्यांत बहुधा डुकराचे जिलेटिन असते, तेवढे मुलीला आधीच समजावून ठेवा.

तुम्हाला इथे दोन्ही मते ऐकायला मिळतील. मदिनेतल्या लोकांच्या खेळण्याबागडण्याच्या दोन दिवसांऐवजी अल्लाहने दोन ईद दिल्या, ही पैगंबरांची हदीस दाखवून काही मौलाना म्हणतात की आपल्याला तिसरा सण नाही. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे. युरोपातल्या मुसलमानांच्या प्रश्नांसाठी १९९७ मध्ये स्थापन झालेल्या उलेमांच्या युरोपीय परिषदेने मात्र स्वातंत्र्यदिन, एकता दिन अशा राष्ट्रीय प्रसंगी तिथले नागरिक किंवा रहिवासी म्हणून शुभेच्छा देण्यास व सहभागी होण्यास हरकत नसल्याचे सांगितले आहे. जे धर्मावरून तुमच्याशी लढले नाहीत आणि ज्यांनी तुम्हाला घराबाहेर काढले नाही, त्यांच्याशी भलाईने आणि न्यायाने वागायला अल्लाह मना करत नाही, हे कुराणातल्या सूरह मुम्तहिनाच्या आठव्या आयतीत आहे. मी याच बाजूची आहे, पण ते मला फार उशिरा कळले.

खरे तर मला ते कोल्हापुरातूनच कळायला हवे होते. १५ ऑगस्टला अब्बा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मला सायकलच्या दांडीवर बसवून झेंडावंदनाला नेत आणि परतताना रस्त्यावरच्या मांडवातून जिलेबीचा पुडा घेत. पाक कागदातून झिरपून माझ्या फ्रॉकला लागे आणि अम्मी दरवर्षी रागवे. ही जिलेबी हलाल आहे का, हा सण आपला आहे का, असे आमच्या गल्लीत कधी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग काढले, त्या गावात हा प्रश्न पडावा तरी कसा?

परदेशात आल्यावर तो पडला, कारण इथे मी स्वतःलाच अनोळखी झाले होते. मुलगा चौथीत असताना सप्टेंबरच्या अखेरीस शाळेतून चिठ्ठी आली की, एकता दिनानिमित्त मुले पुठ्ठ्याचा नकाशा करणार आहेत आणि सोळा राज्यांचे सोळा तुकडे सोळा मुले हातात धरून उभी राहतील. त्याच आठवड्यात एका ओळखीच्या बाईने, "असल्या गोष्टींत मुलांना पाठवले की ती हातची जातात," असे सांगितले आणि मी घाबरले. कार्यक्रमाच्या दिवशी मी शाळेत फोन करून त्याला ताप आल्याचे खोटे सांगितले. तो दिवसभर खिडकीपाशी बसून होता. त्याने आदल्या दिवशी रंगवलेला तुकडा शाळेतच राहिला होता. पुढे पालकसभेला गेले तेव्हा व्हरांड्यात फोटो लावलेला होता. त्यात एका मुलीने दोन्ही हातांत दोन तुकडे धरले होते आणि त्यातला हिरवा तुकडा माझ्या मुलाचा होता.

चौथीनंतर मूल कोणत्या प्रकारच्या शाळेत जाईल याची शिफारस इथे प्राथमिक शाळा करते. मुलाचे गुण चांगले होते, तरी त्याला विद्यापीठाकडे नेणाऱ्या वरच्या शाळेची शिफारस मिळाली नाही, आणि बाईंनी बोलताना "तो वर्गात मिसळत नाही" असे कारण सांगितले. तो पुढे स्वतःच्या मेहनतीने विद्यापीठात पोहोचला. त्या शाळेवरचा माझा राग मात्र अजून गेलेला नाही. एका दहा वर्षांच्या मुलाचे भवितव्य असे ठरवणे मला आजही अन्यायाचे वाटते. त्या अन्यायात माझ्या खोट्या फोनचा वाटा किती, हे मी कोणाला विचारू?

कागदपत्रांबद्दल एकच सांगते, कारण ते मला भोवले आहे. नुसत्या निकाहनाम्यावर विसंबू नका, महापालिकेकडून विवाह नोंदणीचा दाखला घ्या आणि सगळ्या कागदांवर नावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच असल्याची खात्री करा. माझ्या नावातल्या एका जादा अक्षरासाठी इथल्या कार्यालयाने मला आठ महिने हेलपाटे घालायला लावले. एकटेपणाचेही तुम्ही विचारले आहे. तो असतो, आणि पहिला हिवाळा सरला की कमी होतो.

नागरिकत्व घेतले तेव्हा भारतीय पासपोर्ट परत करावा लागला. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मुभा दिली असली तरी भारत ती देत नाही. पासपोर्ट परत केला त्या दिवशी मी कार्यालयाच्या जिन्यात बसून रडले. इथले राष्ट्रगीत लागले की मी मनापासून आदराने उभी राहते, पण घसा दाटून येतो तो अजून "जन गण मन"लाच, आणि हे मी कोणापासून लपवत नाही.

१९९७ पासून ३ ऑक्टोबरलाच इथल्या मशिदी सर्वांसाठी दरवाजे उघडतात आणि शेकडो मशिदींत शेजारीपाजारी येऊन नमाजाची जागा पाहतात, प्रश्न विचारतात. आमच्या मशिदीत गेली सहा वर्षे चहाची जबाबदारी माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी एक वयस्कर बाई बूट काढून भिंतीला टेकून बसल्या आणि १९८९ पर्यंत सीमेपलीकडच्या बहिणीला भेटायला आपल्याला परवानगी काढावी लागत असे, हे सांगताना त्यांचा हात थरथरत होता. तो दिवस त्यांच्यासाठी काय आहे, हे मला तेव्हा प्रथम समजले. मुलगा चौथीत असताना मी अशा कोणापाशी बसले असते तर तो फोन केला नसता.

तुमच्या मुलीच्या दप्तरातही सप्टेंबरच्या अखेरीस अशी एखादी चिठ्ठी येईल. भाषा अडली तर तिचा फोटो मला पाठवा, मी त्याच दिवशी वाचून कळवीन.