सातत्य कशाचं आणि नेम कशाचा?

विचारलेलं वाक्य असं आहे: 'स्टीफन करीच्या शूटिंगमध्ये क्ले थॉम्पसनपेक्षा जास्त सातत्यता आहे.' (दोघेही एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधले नावाजलेले शूटर.) हे बरोबर आहे का, आणि 'कन्सिस्टन्सी'ला याहून नेमका मराठी शब्द आहे का, असे दोन प्रश्न आहेत.

सोपं आधी उरकू. 'सातत्यता' नको. 'सतत'चं भाववाचक नाम 'सातत्य'. त्याला आणखी 'ता' जोडणं म्हणजे 'साम्यता', 'सौंदर्यता' यांच्यासारखीच टोपीवर टोपी. 'सातत्यपूर्ण' चालतं, फक्त जरा वर्तमानपत्री वाटतं.

आता 'सातत्य' तरी इथे बसतं का? 'सतत' म्हणजे सम् अधिक तत, आणि 'तत' आला ताणणे या अर्थाच्या 'तन्' धातूवरून. 'सतत' आणि 'संतत' ही एकाच शब्दाची दोन रूपं. 'संततधार'मध्ये दुसरं टिकून राहिलंय. म्हणजे सातत्याच्या मुळाशी न तुटणारा धागा आहे, खंड नसणं आहे. ते चांगलं की वाईट याच्याशी शब्दाला देणंघेणं नाही. 'तो सातत्याने हरतो' हे निर्दोष मराठी आहे. धागा सगळीकडे सारख्या जाडीचा असेल, असंही हा शब्द सांगत नाही. संततधार पाऊस मध्येच रिमझिमतो, मध्येच कोसळतो. तो फक्त थांबत नाही.

याच अर्थाने पाहिलं तर करीच्या बाबतीत शब्द अगदी फिट्ट बसतो. नोव्हेंबर 2014 ते नोव्हेंबर 2016 या काळात नियमित हंगामातल्या सलग 157 सामन्यांत त्याने किमान एक तरी थ्री, म्हणजे लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट, आत घातला. हे शब्दशः सातत्य. 4 नोव्हेंबर 2016 रोजी लेकर्स संघाविरुद्ध त्याने तीन गुणांचे दहा शॉट मारले, दहाही हुकले, आणि धागा तुटला. पुढच्याच सामन्यात पेलिकन्सविरुद्ध त्याने 13 थ्री मारले, तो तेव्हा एनबीएचा विक्रम होता. एका सामन्यात शून्य, दुसऱ्यात तेरा! याला 'एकसारखेपणा' म्हणायचं धाडस कोण करेल?

थॉम्पसनची प्रतिमा याहून लहरी आहे. जानेवारी 2015 मध्ये सॅक्रामेंटोच्या संघाविरुद्ध त्याने एका क्वार्टरमध्ये, म्हणजे पाव सामन्यात, 37 गुण केले, तेराचे तेरा शॉट आत, त्यातले नऊ थ्री. एप्रिल 2024 मध्ये त्याच सॅक्रामेंटोविरुद्ध दहा शॉट मारून एकही गुण नाही. अशी दोन टोकं लक्षात राहतात आणि माणसावर 'बेभरवशाचा' असा शिक्का बसतो. (खरं तर 40 टक्के शॉट आत जाणारा कोणीही खेळाडू घ्या. दर वेळी दहा शॉट धरले, तर साधारण 165 वेळांत एकदा दहाही हुकणार, हा साधा गुणाकार आहे. त्यात स्वभाव शोधायला नको.)

पण माप बदला, सामन्याऐवजी हंगाम धरा. 2011-12 ते 2018-19 या आठ हंगामांत थॉम्पसनची थ्रीची टक्केवारी एकदाही 40 च्या खाली गेली नाही. सर्वांत कमी 40.1, सर्वांत जास्त 44.0. त्याच आठ हंगामांत करीची सर्वांत कमी 41.1 आणि सर्वांत जास्त 45.5. करी वरचढ आहे यात शंका नाही. मात्र दोन टोकांमधलं अंतर करीचं 4.4 आणि थॉम्पसनचं 3.9. म्हणजे करी जास्त *अचूक*, पण चढ-उताराच्या हिशेबात थॉम्पसन त्याच्या मागे नाही, उलट केसभर पुढेच आहे. तुमच्या वाक्यात घोळ आहे तो इथे. अचूकतेला सातत्य म्हटलं गेलंय. इंग्रजीतल्या एका शब्दाखाली बरंच काही दडतं: वादातली सुसंगती, रंगाचा दाटपणा आणि खेळातलं हेही. मराठीत आपल्याला निवड करावी लागते, आणि मला ती अडचण वाटत नाही.

मग लिहायचं काय? अचूकतेबद्दल बोलायचं असेल तर 'करी जास्त अचूक'. मालिकेबद्दल असेल तर 'सलग' किंवा 'सातत्याने'. चढ-उताराबद्दल असेल तर सरळ 'थॉम्पसनच्या टक्केवारीत फारसा चढ-उतार नाही'. 'भरवशाचा' हा शब्द मला सगळ्यांत आवडतो, पण भरवसा बघणाऱ्याच्या मनात असतो, आकड्यांत नाही. वाद घालताना तो पुरावा म्हणून वापरू नये.

एक शब्द मात्र या दोन्ही अर्थांच्या उंबरठ्यावर उभा आहे, आणि तुम्ही तो विचारला नाहीत याचं नवल वाटतं. तो म्हणजे 'नेम'. नेम धरणे, नेम लागणे, नेम चुकणे: इथे तो लक्ष्याचा. नेमाने करणे, नित्यनेम: इथे तो नियमाचा, न चुकता होण्याचा. 'नेमणे' म्हणजे ठरवणे, 'नेमका' म्हणजे ठरल्या जागी बसलेला. अचूकता आणि नियमितता एका दोन अक्षरी शब्दात! 'करी नेमाने थ्री मारतो' यात 157 सामन्यांची मालिका आली, आणि 'करीचा नेम चांगला आहे' यात टक्केवारी आली.

'नेमबाज' मात्र टाळा. तो मराठीत रायफल-पिस्तुलाच्या खेळाने कधीच पटकावलाय, इथे 'शूटर'च बरा. आणि नकार जोडताना जपून. 'करीचा नेम चुकत नाही' ही स्तुती आहे. 'करीचा काही नेम नाही' असं लिहिलंत, तर त्याचे चाहते तुमच्या अंगावर धावून येतील.