दियोताल्लेवी हे आडनाव, आणि पासपोर्ट बदलायची घाई

तू 'ताई' म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगं करते. तुझे प्रश्न तीन. होणाऱ्या नवऱ्याचं आडनाव दियोताल्लेवी, ते आलं कुठून आणि इतकं तुरळक का दिसतं? तुझ्या बाबांना कुणीतरी सांगितलंय की हे टाकून दिलेल्या मुलांना द्यायचे ते आडनाव, ते खरं का? आणि सप्टेंबरात इटलीत फानोला यायच्या आधी सांगलीतच पासपोर्टवर नवं आडनाव लावून घ्यावं का? शेवटच्याचं उत्तर आधी देते, कारण त्यात महिने वाया जातात: लावू नकोस. का ते पुढे सांगते.

आधी उच्चार नीट कर, सासूबाई खूश होतील. दि-यो-ताल्-ले-वी. 'मल्लखांब'मधला ल्ल आहे तसाच दाबून म्हणायचा आणि जोर 'ले'वर द्यायचा. हे आडनाव म्हणजे एक अख्खं वाक्य आहे: दियो म्हणजे देव, ती म्हणजे तुला, आणि अल्लेवी म्हणजे वाढवो. 'देव तुला वाढवो.' रोस्सी, बियांकी, फेर्रारी या आडनावांच्या शेवटी जी 'ई' येते ती बहुतेक अनेकवचनाची, आपण 'जोशी मंडळी' म्हणतो तशी. इथली 'ई' मात्र क्रियापदाच्या आशीर्वादाच्या रूपाची. हेच क्रियापद कोंबड्या-डुकरांच्या फार्मच्या पाटीवरही असतं, पण ते सासरी पहिल्याच दिवशी बोलून दाखवू नकोस. मी एकदा कुणाला तरी बोलले होते.

आता अनाथपणाचं. बाबांना सांगणाऱ्याने अर्धीच गोष्ट सांगितली आहे.

मध्ययुगात इटलीत, विशेषतः मध्य भागात, मुलांना अशी वाक्यंच नाव म्हणून ठेवायची पद्धत होती. बेनवेनूतो म्हणजे 'भले आलास', दियोतिसाल्वी म्हणजे 'देव तुला राखो'. पिसाला झुकता मनोरा बघायला जाशील तेव्हा शेजारच्या गोल बाप्तिस्माघरात जा. आतल्या एका खांबावर बांधणाऱ्याने आपलं नाव लॅटिनमध्ये कोरलंय, ते हेच, 'देव तुला राखो'. साल ११५२-५३. हा माणूस कुणी अनाथ बाळ नव्हता, मोठा वास्तुकार होता. आपल्याकडे मुलं जगेनात की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, भिकू, केरबा ठेवायचे, म्हणजे नको तो त्याच्याकडे फिरकूनही बघणार नाही. भीती दोन्हीकडे तीच. यांनी नावातच देवाची करुणा भाकली, आपण नाव मुद्दाम टाकाऊ ठेवलं. पुढे आजोबांचं नाव नातवंडांना चिकटत गेलं आणि आडनाव झालं. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदवह्या ठेवायला लावल्या. त्यानंतर ही आडनावं कागदावर पक्की बसत गेली.

दुसरी वाट खरोखर टाकून दिलेल्या मुलांची. अनाथालयाच्या भिंतीत एक लाकडी फिरता नळकांडा असायचा, त्याला 'रुओता' म्हणजे चाक म्हणत. बाहेरून बाळ ठेवायचं, चाक फिरवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. नेपल्सच्या आन्नुन्झियाता संस्थेचं चाक १८७५ साली बंद झालं. तिथल्या मुलांना एस्पोझितो म्हणत, अर्थ 'बाहेर ठेवलेला'. आज ते देशातल्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या आडनावांपैकी एक आहे. रोमकडे प्रोयेत्ती, बोलोन्यात देल्यी एस्पोस्ती, फ्लॉरेन्सला इन्नोचेंती. मिलानच्या मोठ्या इस्पितळाचं चिन्ह कबूतर, म्हणून तिथली मुलं कोलोंबो झाली. फ्लॉरेन्सच्या अनाथालयात पहिलं बाळ आलं ५ फेब्रुवारी १४४५ ला. मुलगी होती. तो दिवस संत आगाताचा, म्हणून तिचं नाव आगाता स्मेराल्दा. आता तिथे संग्रहालय आहे, आणि त्यात छोट्या छोट्या खणांमध्ये अर्धी कापलेली पदकं ठेवली आहेत. एक अर्ध बाळाच्या गळ्यात, दुसरं आईकडे, पुढेमागे ओळख पटावी म्हणून. मी तिथे गेले होते तेव्हा तिसऱ्या खणानंतर बाहेरच येऊन बसले.

पुढे असा एकच शिक्का सगळ्यांवर मारणं क्रूर वाटायला लागलं, आणि कारकून प्रत्येक मुलाला वेगळं आडनाव बनवून देऊ लागले. त्यात वाराची, महिन्यांची, फुलांची नावं आली, आणि देवाच्या नावाचीही आली. दियोताल्लेवी त्यात अगदी चपखल बसतं. तेव्हा दोन्ही वाटा खऱ्या आहेत, आणि नुसत्या आडनावावरून तुझ्या माणसाचं घर कुठल्या वाटेने आलं ते सांगता येत नाही. बाबांना 'घराणं' हवंच असेल तर सांग, की बर्लिनच्या संग्रहालयात राफाएलचं एक चित्र आहे, 'मदोन्ना दियोताल्लेवी'. ते रिमिनीच्या याच आडनावाच्या मार्की, म्हणजे उमराव, घराण्याकडून तिथे गेलं, म्हणून हे नाव. तुमचा त्या मार्कींशी काही संबंध असेलच असं नाही. पण बाबा गप्प बसतील.

कुणी यहुदी असल्याचंही म्हणालं, असं तू लिहिलंयस. देवाचं नाव आलं की यहुदी, असा काही नियम नाही. उलट तुमच्या, म्हणजे फानोच्या, मार्के प्रांतात यहुदी आडनावं म्हणून ओळखली जातात ती गावांची: पेझारो, द'आन्कोना, दा फानो, रेकानाती, सेनिगाल्यिया. आपल्या कोकणातले बेने इस्राएल किहीमकर, पेणकर, रोहेकर झाले, त्यातलाच प्रकार. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की आईला साताऱ्याला फोन केला. ती म्हणाली, जेवलीस का?

किती लोक आहेत, याचं उत्तर मी आकड्यात देणार नाही. इंटरनेटवर आडनाव टाकलं की नकाशा रंगवून देणाऱ्या जागा आहेत, त्यातल्या बऱ्याच जुन्या फोनबुकांवर चालतात. घरात एक फोन म्हणजे एक नोंद, आणि आता तर घरचे फोनच गेले. आकड्याकडे न बघता ठिपके कुठे पडतात ते बघ. हे नाव मार्केत, त्याला लागून वर रिमिनीकडे आणि खाली रोममध्ये दिसेल. रोममधले कधी काळी इकडूनच गेलेले असतील असं मला वाटतं, कारण हा सगळा पट्टा १८६० पर्यंत पोपच्या राज्यात होता आणि पोटासाठी माणूस राजधानीकडेच सरकणार.

माझ्या मते नकाशापेक्षा बरी जागा म्हणजे स्मशान. दचकू नकोस. २ नोव्हेंबरला इथे सगळं गाव शेवंतीची फुलं घेऊन तिथे जातं. मी दरवर्षी शेजारच्या आजींची पिशवी धरायला जाते. भिंतीत कप्प्यांवर कप्पे, प्रत्येकावर चिनी मातीवर भाजलेला फोटो. एकेक आडनाव दहादहा वेळा येतं, एखादं एकदाच. आणि बायकांच्या दगडावर बघ: आधी तिचं माहेरचं आडनाव, मग लहान अक्षरात नवऱ्याचं. विधवा असेल तर त्याच्याआधी तसं लिहिलेलं. साठ वर्षं संसार करून मेली तरी दगडावर ती तिच्या बापाच्याच आडनावाने.

आणि हेच तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. इथे आडनाव जन्माला चिकटतं, लग्नाला नाही. १९७५ च्या कुटुंबकायद्याने बायको स्वतःच्या आडनावाला नवऱ्याचं 'जोडते' असं म्हटलंय. ते जोडणं दारावरच्या पाटीपुरतं. ओळखपत्र, दवाखान्याचं कार्ड, पगार, घराचा करार, सगळं जन्माच्या आडनावावर. तू दियोताल्लेवी होऊन आलीस तर खिडकीमागची बाई आधी विचारेल, 'तुम्ही यांच्या बहीण का?'

मी नेमकं हेच केलं होतं. शिकायला आले ती माहेरच्या आडनावाने, मध्येच पुण्याला जाऊन लग्न केलं आणि उत्साहात पासपोर्ट बदलून आले. आपल्या पासपोर्टात खाने दोनच, आडनाव आणि नाव. मधलं वडिलांचं नाव 'नाव' या खान्यात जातं आणि लग्नानंतर तिथे नवऱ्याचं येतं. इटालियन माणूस ते माझं दुसरं नाव म्हणून वाचतो. माझ्या नवऱ्याचं नाव अभिजित, आणि दवाखान्याच्या बाकावर बसले की आतून हाक यायची, 'सिन्योर अभिजित!' एकदा आम्ही दोघंही उठलो. ती गंमत झाली. पण पदवी एका नावाची, जन्मदाखला त्याच नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या, आणि करक्रमांक पहिल्या पासपोर्टावरचा, हे निस्तरायला मला आठ महिने लागले. एका कार्यालयाने तर 'आधीची बाई कुठे आहे' असं लेखी विचारलं.

करक्रमांक कसा बनतो ते कळलं की घोळ लक्षात येईल. याला कोदिचे फिस्काले म्हणतात, सोळा अक्षर-अंक. पहिली तीन आडनावाची रोमन व्यंजनं: कुलकर्णी असेल तर के-एल-के, दियोताल्लेवी असेल तर डी-टी-एल. व्यंजनं कमी पडली तर स्वर घेतात, म्हणून ओक मंडळी होतात के-ओ-ए. पुढची तीन नावाची, आणि नावात व्यंजनं चार किंवा जास्त असतील तर पहिलं, तिसरं, चौथं. उमा सुरेश असं नाव असेल तर एम-आर-एस. म्हणजे लग्नाआधीच मिसेस! तिच्या मधल्या नावात नवरा मार्को आला की तेच एम-आर-सी. मग जन्मसाल, महिन्याचं अक्षर, दिवस (बायकांच्या दिवसात चाळीस मिळवतात, १२ तारीख असेल तर ५२), जन्माच्या ठिकाणाचा कोड, आणि शेवटी एक तपासणीचं अक्षर. भारतात जन्मलेल्या सगळ्यांचा कोड एकच, झेड-२२२. म्हणजे आडनाव-नाव हलवलंस की क्रमांक हलला, आणि क्रमांक हलला की बँकेपासून सिमकार्डापर्यंत सगळंच.

तेव्हा पासपोर्ट आहे तसाच ठेव. त्यात पतीचं नाव नोंदवून घेता येतं, त्यासाठी आडनाव बदलावं लागत नाही. जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि पदवी यांवर अपोस्तील (कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) करून आण, आणि तिन्हींवर नावाचं स्पेलिंग अक्षरश: एक आहे का ते सांगलीतच बघ. एखादा जादा 'ए' इथे दुसरी व्यक्ती होतो. पुढे मुलं झाली तर संविधान न्यायालयाच्या २०२२ च्या १३१ क्रमांकाच्या निकालाने आई-वडील दोघांचीही आडनावं लागतात, क्रम तुम्ही ठरवायचा, किंवा दोघांच्या संमतीने एकच. आता हा वाद सासूबाईंशी आधीच घालू नकोस.

आपल्याकडे प्रत्येक फॉर्मवर वडिलांचं नाव लागतं. इथेही लागायचं. बाप माहीत नसेल तर त्या जागी 'एन. एन.' (लॅटिनमध्ये 'नाव माहीत नाही') लिहीत आणि ते पोर आयुष्यभर मिरवायचं. १९५५ च्या कायद्याने ओळखीच्या कागदांवरून तो रकानाच काढून टाकला. हे बाबांना जरूर सांग. अनाथ मुलांबद्दल कुत्सितपणे बोललं की इथली म्हातारी माणसं दुखावतात, अनेकांच्या घरात तो 'एन. एन.' होऊन गेलाय.

खरं शोधायचंच असेल तर नवऱ्याला एक काम लाव. पणजोबांचं नाव, गाव आणि जन्मसाल काढायला सांग. सरकारी जन्मनोंदी बहुतेक ठिकाणी १८६६ पासून आहेत, रोमकडे १८७१ पासून. त्याआधी नेपोलियनच्या काळातली काही वर्षं, आणि मधल्या काळासाठी चर्चच्या वह्या. राज्य अभिलेखागारांच्या बऱ्याच वह्यांची छायाचित्रं 'अन्तेनाती' या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. टाकलेल्या बाळाची नोंद लगेच ओळखू येते: कुठे सापडलं, अंगावर काय होतं, आणि 'मी त्याला अमुक नाव दिलं' असं नोंदणारा लिहितो. आई-बापाची नावं असतील तर ती मागे मागे शोधत जा.

आणि आल्या आल्या टपालपेटीवर स्वतःचं आडनाव चिकटव. इथे बऱ्याच इमारतींत फ्लॅटला नंबर नसतात, पोस्टमन आडनाव बघून पत्र टाकतो आणि नाव दिसलं नाही तर परत नेतो. माझं पहिलं नोकरीचं पत्र असंच परत गेलं. पणजोबांची नोंद मिळाली तर फोटो पाठव. हस्ताक्षर वाचून देते, लॅटिनमध्ये असेल तर मात्र मला आठवडाभर लागेल.